एमएसडब्ल्यू करून म्हाताऱ्या माणसांचंच काम करायचंय, आपल्या भागात पोट भरंल काय?

खानापूरची_पोरगी

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जांबोटी भागातली, बेळगावच्या खानापूर तालुक्यातली. एमएसडब्ल्यूच्या (मास्टर ऑफ सोशल वर्क) दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापूरला, मेडिकल अँड सायकियाट्रिक स्पेशलायझेशन. आठवड्यातले दोन दिवस आम्हाला फिल्डवर्क असतं. गेल्या वर्षी लहान मुलांच्या संस्थेत होते, यंदा वृद्धाश्रमात टाकलं. आधी तोंड वाकडं केलं होतं मी, खोटं कशाला सांगू. पण तिथं एक आजी भेटल्या, चिकोडी तालुक्यातल्या. रोज सकाळी आवरून, पिशवी मांडीवर घेऊन दारातल्या खुर्चीवर बसायच्या. सगळे म्हणायचे मुलाची वाट बघतात. पिशवीत काय तर एक टॉवेल, बीपीच्या गोळ्यांची पट्टी आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशन कार्ड. दीडेक महिना नुसत्या गप्पा मारल्यावर त्यांनी सांगितलं की कार्डावर नाव अजून मुलाच्या घरी आहे, ते कुणी काढलं तर आपली पेन्शन बंद होईल असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून दिलंय, म्हणून कार्ड रात्रंदिवस जवळ. मुलाची वाट वगैरे काही नव्हतं फारसं, कार्डाची राखण चालली होती :)

तेव्हापासून मनात बसलंय की हेच काम करायचं. घरी मात्र बाबा म्हणतात एचआर घे, मामा म्हणतो कागल एमआयडीसीत ओळख आहे. कॉलेजात विचारलं तर सर म्हणाले "स्कोप आहे", पण म्हणजे कुठं, कुठल्या पोस्टवर, पगार किती, हे कुणीच सांगत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणी असं काम करतंय का? प्लीज खरं खरं सांगा.

उचगावकर

पोरी, रागावू नको पण म्हाताऱ्यांची सेवा करायला डिग्री कशाला लागते? आमच्या आईनं आमच्या आजीला अंथरुणात बारा वर्षं सांभाळलं, हगणं-मुतणं सगळं काढलं, तिच्याकडं कुठली डिग्री होती? हे सगळं शहरातलं फॅड. आपल्यात अजून घरात माणसं हायत.

वॉर्ड_नंबर_सहा

@उचगावकर काका, त्या बारा वर्षांत तुमच्या आई माहेरी किती वेळा गेल्या ते एकदा विचारून बघा त्यांना. मी टोमणा मारत नाही, आमच्या कामात हाच पहिला प्रश्न असतो, सांभाळणाऱ्याला कोण सांभाळतंय.

@खानापूरची_पोरगी, मी बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात मेडिकल सोशल वर्कर आहे, नऊ वर्षं झाली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. "वृद्धांचा समाजसेवक" अशी पाटी तुला कुठंच दिसणार नाही. जाहिरातीत तो शब्द शोधत बसलीस तर म्हातारी होशील. काम आहे, पण वेगळ्या नावांनी. दवाखान्यात मेडिकल सोशल वर्कर किंवा पेशंट कौन्सेलर, वृद्धाश्रमात सुपरिंटेंडंट, हेल्पेज संस्थेच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर सोशल प्रोटेक्शन ऑफिसर, १४५६७ या म्हाताऱ्यांसाठीच्या हेल्पलाईनला, म्हणजे एल्डरलाईनला, फील्ड रिस्पॉन्स ऑफिसर, पॅलिएटिव्ह केअरच्या (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करायची सेवा) टीममध्ये नुसतं "सोशल वर्कर". नावं सगळी निराळी आणि निम्म्याहून जास्त पेशंट साठीच्या पुढचे.

काम कसं असतं त्याचा एक नमुना देते. कणकुंबीच्या बाजूचे एक आजोबा, पावसात घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन छान झालं, डॉक्टरांनी वॉकर देऊन डिस्चार्ज लिहिला. मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला, तो सुटी काढून आलेला, त्याला घाई. मी एवढंच विचारलं, घरापासून संडास किती लांब? म्हणाला, आहे की मागं, चाळीसेक पावलं. जुलै महिना, कणकुंबीचा पाऊस, वाट जांभ्याची आणि शेवाळ आलेली, त्यावर वॉकर! म्हणजे आठवड्यात दुसरा खुबा. मग डिस्चार्ज एक दिवस थांबवला, मुलाला सांगून गावातल्या वेल्डरकडून जुन्या लोखंडी खुर्चीची कमोड खुर्ची करून घेतली, आशाताईचा नंबर घेतला, सुनेला व्यायाम शिकवले. यात औषध कुठंच नव्हतं बघ. पण हे कुणी विचारलं नसतं तर आजोबा परत आले असते, नाहीतर आलेच नसते.

पगार: सुरुवातीला १४ हजार मिळायचे मला. आता बरे आहेत, पण माझ्याच बॅचचा एचआरवाला माझ्या अडीचपट घेतो. हे आधीच माहीत असू दे.

एचआरवाला_निप्पाणीकर

अडीचपट घेणारा तो मी नव्हे हां, पण जवळपास :D

एमएसडब्ल्यू करून मी फॅक्टरीत गेलो. मी लागलो तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्ट १९४८ प्रमाणे ५०० किंवा जास्त कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर ठेवावाच लागायचा, आणि त्या जागेला आपली डिग्री चालते, म्हणून निम्मी बॅच तिकडं जाते. कुणी वाईट म्हणू नये, घर चालतं. पण सात वर्षं मी कॅन्टीनची भाजी, पीएफचे क्लेम आणि बसचा रूट बघतोय, कौन्सेलिंग शेवटचं कधी केलं आठवत नाही. तुला एकच सांगतो, दोन-तीन वर्षं फिल्डवर काढून एचआरला येता येतं, एचआरमधून परत फिल्डला कोण घेत नाही आणि आपल्यालाही जमत नाही, गाडीचा हप्ता चालू झालेला असतो. तेव्हा घाई मामाला आहे, तुला नाही.

जाता जाता, निपाणीत वखारीत तंबाखूचं आणि घरी बिड्यांचं काम केलेल्या म्हाताऱ्या बायका गल्लीगल्लीत आहेत. छाती भरलेली, पाठ वाकलेली, नजर गेलेली. माझी आजी त्यातलीच. कामगार म्हणून त्यांचं कार्ड कुठाय, त्यावर काय मिळतं, हे सांगणारं माणूस मी आमच्या गल्लीत तरी बघितलं नाही.

धारवाडी_फेडा

माझ्याकडून दुसरी बाजू. मी सायकियाट्रिक सोशल वर्कर. एमएसडब्ल्यू नंतर दोन वर्षांचं एमफिल केलं. त्यासाठी मानसिक आरोग्याच्या संस्थांत आपल्या भागाला धारवाडचं डिमहान्स जवळ, लांब जायचं तर बंगळूरचं निम्हान्स. हे झालं की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात पोस्ट असते, कॉन्ट्रॅक्टवर का होईना सरकारी. अडचण अशी की नवीन शिक्षण धोरणात एमफिल बंद झालं, यूजीसीनं फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती. त्यामुळं जुन्या सीनियरचं ऐकून बॅग भरू नको, आत्ता कुठला कोर्स चालू आहे ते संस्थेत स्वतः विचार.

म्हाताऱ्यांसाठीच वेगळं शिकायचं असेल तर दिल्लीची राष्ट्रीय समाज रक्षा संस्था आहे, एनआयएसडी म्हणतात, केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाखाली. त्यांचा जेरियाट्रिक केअरचा एक वर्षाचा पीजी डिप्लोमा असतो. आणि २०२१ च्या अलाईड हेल्थकेअर कायद्याच्या यादीत मेडिकल आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर दोघंही आलेत. आजवर आपल्याला ना कौन्सिल ना रजिस्ट्रेशन, कुणीही झोळी घेऊन "मी समाजसेवक" म्हणायचा. ते बदललं तर तुझ्या बॅचला फायदा होईल.

डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं सांगतो. देशात साठीच्या पुढच्यांत ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असावा असा अंदाज आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आपल्याकडं त्याला काय म्हणतात? "म्हातारचळ लागलाय." झालं, निदान संपलं.

वडगावचा_माग

वरची शेवटची ओळ वाचून लिहायला बसलोय, इथं मी सहसा राजकारण सोडून कशावर लिहीत नाही.

आमच्या आईचं माहेर बैलहोंगल, घर सगळं कन्नड. लग्न होऊन वडगावात आली तेव्हा सतरा वर्षांची, मराठी एक अक्षर येत नव्हतं म्हणे. पण आम्ही पोरांनी तिच्या तोंडून कधी कन्नड ऐकलंच नाही, मागावर बसून ओव्यासुद्धा मराठीच म्हणायची. तीन वर्षांपूर्वी एकेक विसरायला लागली. आधी चष्मा, मग गॅस, मग आमची नावं. आणि एक दिवस मराठीच गेली. रात्री उठून दारात जाऊन ओरडायची "अव्व एल्लि अदाळ, अव्व एल्लि अदाळ". माझ्या बायकोला कन्नड येत नाही, ती घाबरली, शेजारणीनं सांगितलं बाहेरचं काहीतरी आहे, मग काय देवर्षी झाले, लिंबू झाले, अंगारे झाले. पैसे किती गेले सांगत नाही.

शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले पण पाच मिनिटं. बाहेर एक बाई बसायच्या, त्या सोशल वर्कर आहेत हे मला नंतर कळलं, मी त्यांना पेशंटच्या नातेवाईक समजत होतो. त्यांनी आईचा हात धरून कन्नडमध्ये विचारलं, अव्व कुठल्या गावची? आणि आमची आई अर्धा तास बोलली. आम्हाला निम्मं कळलं. विहीर, म्हैस, भावाचं लग्न. बाईंनी मला समजावलं की आजी आईला शोधतायत, नंतर शिकलेली भाषा आधी जाते, लहानपणची मागं राहते. भूत नाही आणि पिशाच्च नाही. घरी कन्नड येणारं कुणी असेल तर रोज तासभर बसवा म्हणाल्या. समोरच्या घरातली एक म्हातारी येते आता, दोघी काय बोलतात देव जाणे, पण रात्रीचं ओरडणं कमी झालं. बंद नाही झालं. कमी झालं.

तेव्हा उचगावकर, डिग्री लागते हो.

उचगावकर

@वडगावचा_माग, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. पण ती डिग्री नव्हे, कन्नड येत होतं त्या बाईला एवढंच. कन्नड आमच्या पानपट्टीवाल्यालाही येतंय.

धारवाडी_फेडा

पानपट्टीवाल्यानं भाषा ओळखली असती हो, आजार ओळखला असता का?

टिळकवाडी_कट्टा

बेळगावातल्या मराठी माणसानं दवाखान्यातसुद्धा कन्नडच बोलायचं का आता? धागा कुठल्या दिशेला चाललाय बघा. एक नोव्हेंबरला, काळ्या दिनाला भेटू.

वॉर्ड_नंबर_सहा

दादा, कृपा करा, त्यासाठी दुसरे दोनशे धागे आहेत इथं. माझ्या वॉर्डात एका खाटेवर येळ्ळूरचे मामा, शेजारी सौंदत्तीची अव्वा, पलीकडं कोकणी बोलणारी कारवारची बाई. मला तिघांनाही विचारावं लागतं की काल संडासला झाली का.

हाच मुद्दा मी त्या पोरीला सांगणार होते. पुण्या-मुंबईची मुलगी माझ्या जागी येऊन टिकणार नाही, बंगळूरची पण नाही. दोन्ही भाषा आणि दोन्ही राज्यांची कागदं ज्याला कळतात तोच इथं चालतो. आपल्या म्हाताऱ्यांचं निम्मं दुखणं कागदात असतंय. मुलगी इचलकरंजीत, मुलगा पणजीत, जमीन खानापुरात, आधारवर पत्ता तिसराच. कर्नाटकातल्या बायकांना शक्ती योजनेत बस फुकट, तीच म्हातारी कोल्हापूरच्या लेकीकडं गेली की तिकडचे नियम निराळे. महाराष्ट्रात पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट. कुठलं कार्ड कुठं चालतं हे सांगता येणं हेच एक स्किल आहे, आणि ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

मास्तर_निवृत्त

मी स्वतः ज्येष्ठ नागरिक असल्यामुळं बोलण्याचा अधिकार आहे असं धरून चालतो. वय ७६. मराठी शाळेत ३४ वर्षं नोकरी.

बाळ, तुझ्या कामात एक कायदा पाठ करून ठेव, २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह कायदा. आमच्या एका मित्रानं घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं आणि सहा महिन्यांत स्वतः व्हरांड्यात आला. त्याचा अर्ज लिहायला मी बसलो होतो, म्हणून माहीत. आपल्याकडं असिस्टंट कमिशनरच्या ऑफिसात, सगळे एसी ऑफिस म्हणतात तिथं, याचं न्यायाधिकरण बसतं. कलम १७ मध्ये तिथं वकील चालत नाही असं लिहिलंय, पण हायकोर्टानं ते मानलेलं नाही. कायद्याचा हेतू म्हाताऱ्यानं स्वतःच बोलावं असा. ज्याला जमत नाही त्याच्या वतीनं त्यानं नेमलेला माणूस किंवा संस्था अर्ज करू शकते. सुनावणीआधी समेटासाठी अधिकारी नेमता येतो, तिथंही अशा संस्थांत काम केलेल्या माणसाला जागा आहे. निर्वाहाची रक्कम महिन्याला जास्तीत जास्त १० हजार, निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत लावायचा, फार तर ३० दिवस वाढवून.

मित्राचं काय झालं ते सांगतो. कलम २३ म्हणतं, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. पण अट होती हे दिसलं पाहिजे, सुप्रीम कोर्टानंही २०२२ मध्ये तेच म्हटलंय. याच्या बक्षीसपत्रात लिहिलं होतं "प्रेमापोटी". एवढाच शब्द. प्रेमापोटी घर गेलं. नंतर पंच बसून महिन्याला काही रक्कम ठरली, ती येते, पण झोपतो अजून व्हरांड्यातच. त्याला सही करायच्या आधी कुणी शहाणं भेटलं असतं तर!

माझ्या मते समाजसेवकाची खरी गरज सही करायच्या आधी आहे. नंतर सगळेच येतात.

सांबरा_फौजी

मास्तर, बरोबर बोललात. आमच्या बाजूला घराघरात एक माणूस फौजेत, मराठा सेंटर बेळगावातच, तेव्हा पेन्शनर आणि वीरनारी भरपूर. दवाखान्यासाठी माजी सैनिकांची ईसीएचएस योजना आहे २००३ पासून, पेन्शन आता स्पर्श पोर्टलवर. पण म्हातारीला पोर्टल काय म्हाईत? नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा तर अंगठा मशीनवर उठत नाही. सगळा जन्म भात लावण्यात गेला, बोटावर रेघाच राहिल्या नाहीत. आमच्या चुलतीला एका सेंटरवाल्यानं चार फेऱ्या मारायला लावल्या, शेवटी पुतण्यानं मोबाईलवर चेहरा दाखवून काम केलं, दोन मिनिटांत. चेहऱ्यानं पण होतं हे त्या सेंटरवाल्यानं सांगितलंच नव्हतं, दर फेरीला पैसे मात्र घेतले. आणि ऐंशीच्या पुढच्यांना एक ऑक्टोबरपासूनच देता येतो दाखला, गर्दीत जायची गरज नाही.

पोरी, असलं काम करणार असलीस तर आमच्या गावात ये. पगार द्यायला जमणार नाही, पण जेवण पक्कं.

उचगावकर

आला का मुद्द्यावर? पगार द्यायला जमणार नाही. हेच मी पहिल्यापासून सांगालोय. सगळ्यांना समाजसेविका पाहिजे, फुकट.

खानापूरची_पोरगी

काका, हे मात्र खरं बोललात :( माझ्या फिल्डवर्कच्या ठिकाणी पण तेच. तिथल्या ताई सुपरिंटेंडंट आहेत, राहायला तिथंच, म्हणजे चोवीस तास ड्युटी. रात्री कुणी गेलं तर मुलांना फोन, डॉक्टर, दाखला, गाडी, सगळं त्याच करतात. अनुदान तटलं की पगारही तटतो, दोन-दोन महिने.

पुणेरी_नाही_बेळगावी

मी मूळची हनुमाननगरची, सध्या पुण्यात एका खाजगी एल्डर केअर कंपनीत केअर मॅनेजर. मुलं परदेशात, आईवडील इथं एकटे, त्यांच्याकडं आठवड्यातून जायचं, बीपी-शुगर बघायची, औषधाचा डबा भरायचा, बँकेत न्यायचं, दवाखान्यात ॲडमिट केलं तर रात्री थांबायचं. मग मुलाला ॲपवर रिपोर्ट आणि फोटो. फोटोत आजी हसलेली पाहिजे, हे लेखी नाही पण तसंच आहे.

पगार दवाखान्यापेक्षा चांगला, इन्सेन्टिव्ह वेगळे. पण इथं समोरचा आधी ग्राहक. एका आजोबांना मी हळूच म्हटलं की तुम्हाला आमच्या मोठ्या पॅकेजची गरज नाही, कोपऱ्यावरच्या ज्येष्ठ नागरिक संघात रोज जा, तर वरून मला समज मिळाली. तीन वर्षं शिकायला उत्तम, जन्म काढायला मला तरी जमणार नाही.

बेळगावात हे का नाही चालणार असा विचार मात्र रोज येतो. टिळकवाडीत, आमच्या हनुमाननगरात बंगल्यागणिक दोनच माणसं. मुलगा डॅलसला, मुलगी सिंगापूरला, आणि आई कुंदा पार्सल करायला लायनीत उभी. एकटीनं सुरू करायला धीर होत नाही एवढंच. कुणी येणार असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

हडसनकाठची

बाहेरून थोडं. मी न्यूजर्सीत आहे, माझी जाऊ इथं हॉस्पिसमध्ये (शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची सेवा) सोशल वर्कर, त्यामुळं जे बघते ते सांगते. इथं हा सरळ रस्ता आहे. एमएसडब्ल्यू, मग राज्याचं लायसन्स, परीक्षा, पुढं सुपरव्हिजनचे तास भरले की क्लिनिकल लायसन्स. १२० च्या वर खाटा असलेल्या नर्सिंग होमला पूर्णवेळ सोशल वर्कर ठेवणं केंद्राच्या नियमानं बंधनकारक आहे, मेडिकेअरच्या (इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) हॉस्पिसमध्येही सोशल वर्क ही मुख्य सेवांपैकी एक. म्हणजे जागा कायद्यानंच तयार होतात, कुणाच्या दयेवर नाहीत. भारतातली डिग्री घेऊन यायचं तर सीएसडब्ल्यूई (इथली समाजकार्य शिक्षणाची परिषद) कडून ती तपासून घ्यावी लागते.

पण सगळं छान आहे असं नाही हं. जाऊबाई म्हणते निम्मा दिवस टाईप करण्यात जातो, पेशंटचा हात धरायला उरतात वीस मिनिटं. मागच्या वर्षी एका गुजराती आजींना इथल्या नर्सिंग होममध्ये कुणी बोलायलाच नव्हतं, सगळे फोनवरच्या दुभाष्याशी बोलायचे. वडगावच्या दादांचं वाचून तेच आठवलं.

वॉर्ड_नंबर_सहा

१२० खाटांचा नियम वाचून हसू आलं, रडू पण. आमच्याकडं माझी जागा म्हणजे "बिलिंगला मदत करा ना मॅडम जरा".

@खानापूरची_पोरगी, आता कामाचं. एक, कर्नाटक सरकारच्या जागेला जायचं तर सक्तीचा कन्नड पेपर असतो, मराठी माध्यमातली मुलं तिथंच अडकतात, तेव्हा आजपासून कन्नड लिहायला लाग, नुसतं बोलता येऊन भागत नाही. दोन, महाराष्ट्राच्या भरतीच्या जाहिरातींत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या, १५ वर्षं वास्तव्य असलेल्या उमेदवारांना अर्ज करता येतो, तुझं गाव त्या यादीत आहे का बघून तो दाखला आत्ताच काढून ठेव. म्हणजे दोन्ही दारं उघडी. तीन, विकलचेतन (म्हणजे दिव्यांग) आणि ज्येष्ठ नागरिकांचं सरकारी खातं आपल्याकडं एकच आहे, त्यांच्या जिल्हा ऑफिसात जाऊन तोंडओळख कर, कॉन्ट्रॅक्टच्या जागांचा कागद पेपरात कधी येतो कधी नाही, भिंतीवर मात्र लागतो. चार, पहिली दोन वर्षं दवाखाना. वृद्धाश्रमात आधी गेलीस तर तुला फक्त शेवट दिसेल, दवाखान्यात घर दिसतं.

धारवाडी_फेडा

चौथ्याशी सहमत नाही. दवाखान्यात घर दिसत नाही, नातेवाईक दिसतात. घर बघायचं तर पॅलिएटिव्हच्या होम व्हिजिटला जायचं. केरळात २००८ पासून त्याचं सरकारी धोरण आहे, पंचायतीची नर्स घरोघर जाते. आपल्याकडं तुरळक, पण जिथं आहे तिथं शिकून घे.

वॉर्ड_नंबर_सहा

बरं बाबा, नातेवाईक दिसतात. ते पण दिसू देत की तिला.

मास्तर_निवृत्त

एक विचारायचं राहिलं. त्या चिकोडीच्या आजींच्या कार्डाचं पुढं काय झालं?

खानापूरची_पोरगी

मास्तर, तेच सांगायला आले होते.

आजींना संध्या सुरक्षा, म्हणजे कर्नाटक सरकारची म्हाताऱ्यांची पेन्शन मिळत होती, महिन्याला १२०० रुपये, पोस्टात. गावात पडताळणीला माणूस आला, घरच्यांनी "इथं नसतात" म्हटलं आणि पेन्शन थांबली, सहा महिने झाले. म्हणजे त्यांची भीती खरीच होती, फक्त कारण वेगळं. मी सुपरवायझर मॅडमना विचारून आजींना घेऊन एक दिवस त्यांच्या गावच्या नाडकचेरीत (महसूल खात्याच्या ऑफिसात) गेले. निपाणीपर्यंत महाराष्ट्राच्या गाडीत दोघींचं तिकीट काढलं, पुढं कर्नाटकच्या गाडीत दोघींचं शून्याचं. आजी कंडक्टरला म्हणाल्या, "आता मी माझ्या राज्यात आले" :)

अर्ज कन्नडमध्ये पाहिजे म्हणाले. मला बोलता येतं, लिहिताना हात अडला. बाहेर अर्ज लिहून देणारे एक काका होते, त्यांनी पन्नास रुपयांत लिहून दिला, आणि "यजमान वारले" च्या जागी दुसरंच काहीतरी लिहिलं, ते आतल्या क्लार्कनं दाखवलं तेव्हा कळलं. परत लिहिला. मुलगा भेटायला आला नाही, सून आली, पाणी दिलं, बाहेर बसून रडली, म्हणाली घरात जागा दोन खोल्या, मी तरी काय करू. तिच्याशी काय बोलायचं मला सुचलंच नाही. वॉर्ड नंबर ताई, त्या वेळी तुम्ही आठवलात, सांभाळणाऱ्याला कोण सांभाळतंय ते. पेन्शन अजून सुरू नाही, पोचपावती मिळालीय. ती आता कार्डाच्याच प्लॅस्टिकमध्ये आहे, आणि पिशवी अजून मांडीवर.

बाबांना सांगितलं ब्लॉक प्लेसमेंट (सलग फिल्डवर्क) बेळगावातल्या दवाखान्यात घेतेय, महिनाभर. ते म्हणाले घे, पण कागलचा फॉर्म पण भर. भरला. दोन्ही केलंय सध्या.

वॉर्ड नंबर ताई, एक विचारू? कन्नडचा क्लास लावतेय. टायपिंग पण लागतं का?

वॉर्ड_नंबर_सहा

टायपिंग नको. अक्षर चांगलं काढायला शिक, निम्मे अर्ज अजून हातानंच लिहायचे असतात. आणि प्लेसमेंटला येशील तेव्हा सँडल नको, चप्पल किंवा बूट घाल, वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट पेशंटसाठी.